पोराची जीभ एका बाजूला वळाय लागलीय? घरी काय बघायचं, डॉक्टरांना काय सांगायचं

आपल्याकडं पोरगं बोबडं बोलायला लागलं की पहिल्यांदा वेखंड आणि मध आठवतंय. पण कालपर्यंत चांगलं बोलणारं पोरगं अचानक त, ल, र नीट म्हणेना, घास गालात अडकाय लागला, जीभ सारखी दाताखाली येतेय, तर वेखंड ठेवा बाजूला आणि जीभ बघा.

उजेडात बसवा. आधी नुसतं तोंड उघडायला सांगा, जीभ आत सैल असतानाच एक बाजू बारीक, सुरकुतलेली दिसते का, आत किडे वळवळल्यासारखी थरथर आहे का ते बघायचं. (बाहेर काढल्यावर थोडी थरथर सगळ्यांचीच होते.) मग बाहेर काढायला लावा आणि समोरच्या दोन दातांच्या मधोमध नजर धरून टोक कुठं वळतंय बघा. ज्या बाजूला वळतंय तीच बाजू कमजोर, लोकांना हे उलटं वाटतं, पण चांगल्या बाजूचा स्नायू जिभेला पलीकडं ढकलतो. ओठच ओढला गेला असेल तर सरळ जीभपण वाकडी दिसते, ते चेहऱ्याच्या नसेचं असू शकतंय. व्हिडिओ काढून ठेवा, पुढं तुलनेला लागतो.

जीभ हलवणारी ही बारावी नस, हायपोग्लॉसल, मेंदूतून निघून कवटीच्या तळातल्या भोकातून गळ्यात उतरते, वाटेत कुठंही दाब आला तर जीभ वळते. म्हणून मागचा ताप, घसा, मानेला मार, नळी घालून झालेलं ऑपरेशन, सगळं सांगा. खानापूर-निपाणीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पण बेळगावात केएलई किंवा बिम्स या मोठ्या दवाखान्यात न्यूरोकडं, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरकडं, चिठ्ठी मागा. एमआरआय मेंदू, कवटीचा तळ आणि मान असा लागतो, लहानग्याला झोपेचं औषध देतात म्हणून किती तास उपाशी ठेवायचं ते आधीच विचारा.

"कारण सापडलं नाही" हे तपासण्या झाल्यावरच म्हणायचं असतं, त्याआधी कुणी म्हटलं तर ऐकू नका! खरंच काही निघालं नाही तर बरीच पोरं काही आठवड्या-महिन्यांत सुधारतात, तरी फेरतपासणी चुकवायची नाही, ट्यूमर आधी दिसत नाही असंही होतं.

सोबत सकाळची उलटी, डोकेदुखी, तोल जाणं, डबल दिसणं, पापणी पडणं, आवाज बसणं, पिताना पाणी नाकातून बाहेर येणं असलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. हात-पाय लुळा पडला, श्वास अडकला तर १०८, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्हीकडं हाच नंबर.

तोवर ताठ बसवून बारके घास, भाकरी आमटीत कुस्करून, शेंगदाणे-फुटाणे बंद. आणि शाळेत बाईंना सांगून ठेवा, कन्नडचा धडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला सध्या उभं करू नका म्हणून.