महागडं टर्नटेबल निवडताना या चुका टाळा

"यातलं कोणतं घेऊ?" असं विचारणारे लोक हमखास दोन-तीन टर्नटेबलांचे, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांचे, फोटो पाठवतात. कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) कोणतं लावणार, फोनो प्रीअँप (त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण) कसला आहे, यंत्र ठेवणार कशावर, याबद्दल चकार शब्द नसतो. सगळं बजेट जाडजूड प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) आणि चकचकीत ॲक्रिलिकवर उडवून झालं की मग "बास सैल वाटतोय" अशी तक्रार येते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आर्म आणि कार्ट्रिजची जोडी न जुळवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण सगळ्यात जास्त पैसे खर्च करणारेच ती करतात. माझ्या एका परिचितांनी मोठ्या हौसेनं बारा इंची जड आर्मचं, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीचं, टर्नटेबल घेतलं. त्यावर एक जुनं, अतिशय लवचिक सुईचं मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत चुंबक हलणारं) कार्ट्रिज बसवलं, कारण कुणीतरी त्याची भरभरून तारीफ केली होती. पहिल्या दिवसापासून बास गढूळ आणि पियानोचे लांबलेले सूर थरथरणारे. त्यांनी ॲम्प्लिफायर बदलला. मग केबली बदलल्या. शेवटी स्पीकर विकायला काढले.

मी गेलो तेव्हा आधी स्पीकरच्या जाळ्या काढायला लावल्या आणि सुई रेकॉर्डच्या सुरुवातीच्या कोऱ्या खाचेत सोडली. संगीत सुरूही झालं नव्हतं, आणि वूफरचे, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरचे, शंकूसारखे पडदे लांबून दिसावेत इतके आत-बाहेर होत होते. बिचारा ॲम्प्लिफायर ऐकूच न येणाऱ्या हालचालीवर ताकद खर्च करत होता.

कारण साधं आहे. आर्मचं वजन आणि सुईच्या दांडीची लवचिकता मिळून एक झुलणारी रचना बनते, आणि तिला स्वतःची कंप्रता असते. ती साधारण ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवी. त्याहून खाली गेली, तर वाकड्या रेकॉर्डची आणि पावलांची हालचाल तिला झुलवते. फार वर गेली, तर ऐकू येणाऱ्या बासमध्ये लुडबुड करते. हिशोब पाठ करून ठेवा: आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईपाशी जाणवणारं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सनं (लवचिकतेच्या आकड्यानं) गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. आमच्या या गृहस्थांचं गणित असं होतं: आर्म २०, कार्ट्रिज साडेसहा, स्क्रू १, कम्प्लायन्स ३०. उत्तर साडेपाच हर्ट्झ. १० ग्रॅमचं, १२ कम्प्लायन्सचं कार्ट्रिज लावलं आणि आकडा आठाच्या वर गेला. वूफरचे पडदे शांत झाले. विकायला काढलेले स्पीकर अजून त्यांच्याच घरात वाजतायत.

एक खोच लक्षात ठेवा. बरेच जपानी उत्पादक कम्प्लायन्स १०० हर्ट्झला मोजून देतात. डेनॉन डीएल-१०३ या कार्ट्रिजचा ५ हा आकडा तसाच आहे. या हिशोबासाठी तो अंदाजे दीड ते दोनपट धरावा लागतो. माहितीपत्रकातली ही बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा असेल, तर आर्मसोबत जोडीनं येणारं कार्ट्रिज मुकाट्यानं घ्या.

तुलना टर्नटेबलांची, ऐकतोय कार्ट्रिज

दुकानात दोन टर्नटेबलं शेजारी मांडलेली असतात, दोघांवर वेगवेगळी कार्ट्रिजं, आणि गिऱ्हाईक पाच मिनिटांत निकाल देतं. एकाचं आउटपुट ५ मिलिव्होल्ट आणि दुसऱ्याचं साडेतीन असेल, तर पहिलं ३ डेसिबलनं मोठं वाजणार, आणि मोठं वाजलं की ते जास्त "जिवंत" वाटणारच. मी तरी एकाच मॉडेलचं कार्ट्रिज दोन्हीकडे लावून मागतो आणि आवाजाची पातळी जुळवून घेतो. नाही म्हणाले तर निघून येतो. रेकॉर्ड एकट्या पियानोची न्यायची. लांब धरलेला सूर जराही डुलला, तर वेगात खोट आहे. आणि बाजूचं शेवटचं गाणं ऐका. तिथे, आतल्या खाचांवर, आर्मची आणि जुळणीची परीक्षा होते. सगळे पहिलंच गाणं ऐकून उठतात.

बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह, यावर भांडत बसणं

बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर पट्ट्यानं प्लॅटर फिरवते, डायरेक्ट ड्राइव्हमध्ये थेट. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे डीजेचं यंत्र, हा समज काही केल्या जात नाही. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ मध्ये आलं ते घरगुती हाय-फाय म्हणूनच. डीजेंनी ते नंतर उचललं. २०१० मध्ये बंद झालेली ही मालिका २०१६ मध्ये नव्या मोटरसह परतली, ती थेट महागड्या गटात. दुसरीकडे लिन एलपी१२ स्प्रिंगांवर तरंगतं आणि रेगाचा भर हलक्या, ताठ सांगाड्यावर असतो. दोन्हीही बेल्टवरचीच, पण विचार अगदी उलट. तेव्हा बेल्ट बघून निवड करू नका. बेअरिंग बघा आणि आर्म बघा. आर्मच्या सांध्यात बोटाला जाणवेल इतका खुळखुळाट असेल, तर पुढचं काही ऐकायचीही गरज नाही.

कशावर ठेवणार?

स्प्रिंगांवरचं टर्नटेबल लवचिक लाकडी जमिनीवरच्या स्टँडवर ठेवलं, तर कुणी चाललं की सुई उडते. त्याला भिंतीत पक्कं ठोकलेलं हलकं शेल्फ बरं. वजनदार यंत्राला तितकंच भक्कम स्टँड लागतं. स्पीकर ज्या कपाटावर आहेत त्याच कपाटावर टर्नटेबल ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. परीक्षा सोपी आहे: मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा, आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत वाढवा आणि शेल्फवर बोटानं टकटक करा. स्पीकरमधून धप्प ऐकू आलं, तर नवं कार्ट्रिज घ्यायच्या आधी जागा बदला.

बाकीच्या चुका, थोडक्यात

रेकॉर्ड झिजू नये म्हणून ट्रॅकिंग फोर्स (सुईचा रेकॉर्डवरचा दाब) कमी ठेवणं: उलट सुई खाचेत आपटून रेकॉर्ड जास्त खराब होते. उत्पादकानं दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवा, आणि छोट्या डिजिटल काट्यावर मोजा.

कार्ट्रिज नजरेच्या अंदाजानं बसवणं: प्रोट्रॅक्टर (सुईची जागा आणि कोन जुळवायची खुणांची पट्टी) वापरा. अर्धा तासही द्यायची तयारी नसेल, तर हा छंद तुमच्यासाठी नाही.

पाणसळ न लावणं: ती प्लॅटरवर ठेवायची, कपाटावर नाही.

०.३ मिलिव्होल्टचं मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलणारं) कार्ट्रिज सिग्नल ४० डेसिबलनं वाढवणाऱ्या साध्या फोनो इनपुटला जोडणं: संगीताइतकीच खरखर ऐकाल. त्याला ६० किंवा त्याहून जास्त डेसिबल लागतात.

परदेशातून आलेलं जुनं यंत्र मोटर न तपासता घेणं: जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेवर चालतो. ६० हर्ट्झच्या पुलीचं यंत्र आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर लावलं, तर मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २८ फेरे फिरतं. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही. पुली बदलावी लागते किंवा वेगळा वीजपुरवठा घ्यावा लागतो, म्हणून ती पुली मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा.