७०७५ ॲल्युमिनियम घेताय? आधी जोड कसा देणार ते ठरवा

जोड वेल्डिंगने द्यायचा असेल तर ७०७५ घेऊच नका, ६०६१ हा दुसरा ॲल्युमिनियम मिश्रधातू घ्या. जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळलेल्या ७०७५-टी६ची (टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेली अवस्था) ताकद साधारण ५७० मेगापास्कल, म्हणजे ६०६१-टी६च्या पावणेदोन पटीहून जास्त. वजन मात्र जवळपास तेवढंच. म्हणून तर विमानाच्या पंखांत हा मिश्रधातू वापरतात. पण आर्क वेल्डिंग केलं की जोडालगत बारीक तडे जातात. वरून जोड अगदी स्वच्छ दिसतो आणि भार आल्यावर तुटतो, मला याचीच फार धास्ती वाटते. नटबोल्ट किंवा रिव्हेट वापरा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवणं) कराच. भाग सतत ताणाखाली राहणार असेल तर टी६ऐवजी टी७३ ही वेगळी उष्णता-प्रक्रिया केलेली अवस्था मागा. ताकद थोडी कमी, पण गंजून तडे जायची भीती बरीच घटते.