ब्राऊन राइसची इडली, मऊ आणि जाळीदार

ब्राऊन राइसची इडली दडस होते असं बरेच जण म्हणतात, पण भिजवणं आणि आंबवणं नीट जमलं ना की मस्त हलकी होते.

२ वाट्या ब्राऊन राइस ८-१० तास भिजवा, कोंड्याच्या थरामुळे पाणी आत जायला वेळ लागतो, ४ तासात भागत नाही. १ वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथीदाणे वेगळ्या भांड्यात ४-५ तास. पाव वाटी जाडे पोहे वाटायच्या आधी भिजवले तरी चालतात.

आधी डाळ वाटा, गार पाणी थोडं थोडं घालत, मिक्सर गरम होऊ द्यायचा नाही. खरा खेळ इथेच आहे! वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब टाकून बघा, तरंगला तर डाळ झाली, बुडाला तर अजून फिरवा. मग तांदूळ आणि पोहे, बारीक रव्यासारखं रवाळ. मीठ घालून हातानेच कालवा, हाताच्या उबेनं पीठ छान येतं असं आई सांगायची आणि मी अजून तसंच करते.

उबदार जागी रात्रभर ठेवा, थंडीत १४-१६ तासही लागतात, बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं तर लवकर फुगतं. फुगलेलं पीठ फार ढवळू नका प्लीज, जाळी बसते.

साच्याला तेल लावून १२-१५ मिनिटं वाफवा, कुकर असेल तर शिट्टी काढून. ५ मिनिटं थांबून ओल्या चमच्याने काढा. रंग थोडा तपकिरी येतो, तो तसाच असतो.