अंतराळवीरांचं बोलणं आपल्या रेडिओवर कसं ऐकावं

सगळ्यात आधी: छतावर डिश लागत नाही, सिग्नल वाढवणारा डबा लागत नाही, रात्रच हवी असंही नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हौशी रेडिओचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर साध्या एफएममध्ये येतो आणि हातात धरायचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, सेट तो पकडतो. संगणकाला लावायचा एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकालाच रेडिओ बनवणारा छोटा जोड, तोही चालेल. गाण्यांचा एफएम रेडिओ चालणार नाही, त्याचा काटा १०८ला संपतो. परवाना नसेल तर बोलायच्या बटणाला हात लावू नका. नुसतं ऐकण्याबद्दल आपल्याकडे काय नियम आहे तेही एकदा पाहून घ्या.

दिवसरात्र कान लावून बसण्यात अर्थ नाही, वरच्या माणसांना कामं असतात. नक्की बोलतात ते शाळांशी. एआरआयएसएस, म्हणजे बोलताना ‘एरिस’, हा कार्यक्रम या गप्पा ठरवतो आणि त्यांच्या वेळा आधी जाहीर होतात. तिथे शाळेचं गाव बघून हुरळून जाऊ नका, जमिनीवरचं स्टेशन कुठे आहे ते बघा. कित्येकदा शाळा एका खंडात, तिचा आवाज वर पाठवणारा हॅम दुसऱ्या खंडात आणि मधे टेलिफोन असा मामला असतो. अशा वेळी स्थानक त्या हॅमच्या आकाशात असतं, शाळेच्या नव्हे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून स्थानकाला चहूबाजूंनी साधारण २२०० किलोमीटरपर्यंतची जमीन दिसते. तुम्ही आणि ते स्टेशन एकाच वेळी त्या वर्तुळात असाल तरच काही ऐकू येईल. आणि वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, ती आपल्या वेळेत बदलून घ्या.

स्थानक तुमच्या आकाशातून कधी जाणार, म्हणजे त्याच्या फेरीचा अंदाज देणारं कुठलंही ॲप घ्या. स्थानक क्षितिजापासून ३० अंशांच्या वर चढत नसेल तर पहिल्या प्रयत्नाला ती फेरी सोडून द्या. क्षितिजावर असताना ते सव्वादोन हजार किलोमीटरच्या पुढे असतं, ३० अंशांवर साडेसातशेच्या आसपास येतं.

सेटवर स्क्वेल्च, म्हणजे कमजोर सिग्नल आणि खरखर गप्प करणारी सोय, पूर्ण उघडा. खरखर सहन होत नाही म्हणून लोक तो आवळून ठेवतात आणि मग ‘काहीच आलं नाही’ म्हणतात. चॅनेलची रुंदी ‘नॅरो’ नको, ‘वाइड’ ठेवा, नाहीतर आवाज फाटतो.

आता ॲंटेना. इथे मी सलग पाच फेऱ्या वाया घालवल्या. ॲपमध्ये दिशा बघायची, हात लांब करायचा आणि सेटच्या रबरी दांडीचं टोक बंदुकीसारखं स्थानकावर रोखायचं, असं मी करत होतो. मला तसंच सांगितलं होतं. आजही हाच सल्ला दिला जातो आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. सरळ दांडीची ॲंटेना टोकाच्या दिशेला जवळजवळ बहिरी असते. तिला सगळं ऐकू येतं ते कुशीच्या बाजूने. म्हणजे मी मन लावून, अचूक नेम धरून, रेडिओचा कान बंद करत होतो. पाचव्या फेरीला कंटाळून हात खाली आणला, सेट आडवा झाला आणि खरखरीतून एका बाईचा आवाज आला. तीन-चार शब्द आले, मग मी उत्साहाने पुन्हा नेम धरला आणि ते गेले.

तर दांडी स्थानकाच्या दिशेशी काटकोनात हवी. स्थानक क्षितिजाजवळ असेल तर दांडी उभी, डोक्यावर आलं की आडवी. आडव्या काड्यांची यागी ॲंटेना असेल तर मात्र ती रोखायचीच असते, बहुधा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला असावा. दुसरी गोष्ट मनगटाची. आवाज मधेच बुडतो तेव्हा दिशा शोधत गोल फिरू नका. स्थानकाशी काटकोन तसाच ठेवून, कुलपात किल्ली फिरवावी तशी मनगटाने ॲंटेना हळूहळू वळवा. येणाऱ्या लहरींचा कल फेरीभर बदलत राहतो आणि पाव वळणात मेलेला सिग्नल जिवंत होतो. हे वाचून जमत नाही, दोन-तीन फेऱ्या हात बसवावाच लागतो. आणि घरात, खिडकीशी बसून प्रयत्न करू नका. मोकळं आकाश हवं.

डॉप्लरचा, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकण्याचा, बाऊ नको. स्थानक ताशी २७,५०० किलोमीटरच्या वेगाने येतं-जातं, पण या फ्रिक्वेन्सीवर फरक पडतो तो साडेतीन किलोहर्ट्झच्या आत. १४५.८०० वरच ठेवलं तरी भागतं. फारच वाटलं तर सुरुवातीला १४५.८०५ आणि उतरतीला १४५.७९५ करा.

फेरी जेमतेम १० मिनिटांची. स्थानक वर येऊ लागलं की आधी खरखर पातळ होते, मग आवाज येतो. तुम्हाला फक्त उत्तरं ऐकू येतील. मुलांचे प्रश्न जमिनीवरून वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर वर जातात, ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. ‘नाही, इथे उशी लागत नाही, ओव्हर’ असं काहीतरी कानावर पडतं आणि प्रश्न काय होता ते आपणच ताडायचं. रेकॉर्डर आधीच चालू करा. पहिल्या वेळी गडबडीत निम्मं कळतच नाही.

शाळेचा कार्यक्रम महिनाभर नसेल तर ४३७.८०० वर सराव करा. तिथे स्थानकावरचा रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुन्हा खाली पाठवणारं यंत्र, चालू असला की जमिनीवरचे हॅम एकमेकांशी बोलताना ऐकू येतात. मात्र इथे डॉप्लर खरंच छळतो, १० किलोहर्ट्झपर्यंत सरकतो. ४३७.८१० पासून सुरू करून पाच-पाच किलोहर्ट्झने खाली या, आणि एक हात मनगट वळवायला मोकळा ठेवा.