पासवर्ड न विचारता इन्स्टॉल होणारे गेम लॅबमध्ये असे अडवा

मुलांना स्टँडर्ड अकाउंट दिलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाला कळू दिला नाही, तरी लॅबमधल्या डेस्कटॉपवर गेम आणि अनोळखी ब्राउझर येतातच. असे प्रोग्राम मुलाच्या अकाउंटमधल्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि तिथे पासवर्ड लागतच नाही. पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या गेमचंही तेच.

विंडोज १० किंवा ११ च्या प्रो आणि एज्युकेशन आवृत्तीत उपाय आधीपासूनच आहे, वेगळं काही विकत घेऊ नका.

१. अ‍ॅडमिन अकाउंटमधून ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ उघडा. ‘अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीज’खाली ‘अ‍ॅपलॉकर’ (कोणते प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारी सोय) सापडेल.
२. ‘एक्झिक्युटेबल रूल्स’वर राइट क्लिक करून ‘क्रिएट डिफॉल्ट रूल्स’ निवडा. हे नियम सक्तीचे झाले की मुलांच्या अकाउंटमधून फक्त ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरांतलेच प्रोग्राम चालतील.
३. हेच ‘पॅकेज्ड अ‍ॅप रूल्स’लाही (स्टोअरमधून येतात तशा अ‍ॅपचे नियम) करा. हे राहिलं तर साधा कॅल्क्युलेटरही उघडत नाही.
४. ‘अ‍ॅप्लिकेशन आयडेंटिटी’ ही सर्व्हिस सुरू करून ऑटोमॅटिकवर ठेवा. ती बंद असेल तर नियम लागूच होत नाहीत.

मात्र नियम लगेच सक्तीचे करू नका. आधी आठवडाभर ‘ऑडिट ओन्ली’ (काही न अडवता फक्त नोंद) ठेवा आणि ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये काय काय अडलं असतं ते बघा. कुणीतरी डी ड्राइव्हवर ठेवलेला टायपिंगचा प्रोग्राम हमखास त्या यादीत निघतो. तो ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये हलवा, मगच ‘एन्फोर्स रूल्स’ करा.