पिच डेक: गुंतवणूकदाराने भेटीला बोलवावं म्हणून

पिच डेक म्हणजे गुंतवणूकदाराला धंदा समजावणाऱ्या मोजक्या स्लाइड. त्या पाहून कोणी चेक फाडत नाही. समोरच्याने ‘या, बोलू’ म्हणावं, एवढंच डेकचं काम. हे ध्यानात राहिलं की काय टाकायचं आणि काय गाळायचं, हे आपोआप ठरत जातं.

१. एका ओळीत धंदा. पॉवरपॉइंट नंतर उघडा, आधी कागदावर लिहा. एअरबीएनबीच्या सुरुवातीच्या डेकमध्ये पहिल्याच स्लाइडवर सांगितलं होतं, की हॉटेलऐवजी स्थानिकांच्या घरी खोली बुक करा. ‘एआयवर आधारित एकात्मिक प्लॅटफॉर्म’ असलं काही लिहून वाचणाऱ्याला धंदा कळत नाही.

२. अडचण दाखवा. समजा, सोसायटीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवणारं सेन्सर तुम्ही बनवलंय. मग जलसंकटावर निबंध नको. वॉचमनच्या वहीचा फोटो टाका: टँकर किती वाजता आला, सही कोणाची, आणि पाणी किती उतरलं तो रकाना कोरा. बास.

३. बाजारपेठ खालून मोजा. ‘बाजार हजारो कोटींचा, एक टक्का मिळाला तरी…’ हे वाक्य गुंतवणूकदारांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की पुढचं ते ऐकतच नाहीत. त्यापेक्षा सरळ गुणाकार मांडा. टँकर घेणाऱ्या ४,००० सोसायट्या, प्रत्येकी महिना १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ७ कोटी २० लाख. व्हेंचर फंडाच्या, म्हणजे झपाट्याने वाढू शकणाऱ्या नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडाच्या, दृष्टीने हा आकडा लहान आहे. तो फुगवू नका; पुढचं शहर कोणतं आणि त्याच ग्राहकाला आणखी काय विकणार, ते सांगा.

४. आतापर्यंत काय झालं? सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. ‘पन्नास सोसायट्यांनी रस दाखवला’ याला फारशी किंमत नाही. सहा सोसायट्या पैसे भरतात आणि त्यातल्या पाचांनी मुदत संपल्यावर पुन्हा करार केला, हे वजनदार. फुकट पायलट (चाचणीपुरते वापरणारे) आणि पैसे देणारे ग्राहक एकाच आकड्यात मिसळू नका. पुढे कागदपत्रं तपासताना ते उघडं पडतंच.

५. स्पर्धक आणि टीम. ‘आम्हाला स्पर्धकच नाही’ असं कधीही लिहू नका. वॉचमनची ती फुकटातली वही हीच तुमची स्पर्धक. टीमबद्दल मात्र थोडक्यात: हेच काम तुम्हालाच का जमेल, तेवढं पुरे.

६. मागणी. किती पैसे हवेत, ते किती महिने पुरतील आणि तोवर कुठे पोचाल, हे तिन्ही एकाच स्लाइडवर हवं. कंपनीचं मूल्यांकन डेकमध्ये छापायलाच हवं असं नाही, पण भेटीत विचारलं तर गणित तोंडपाठ असू द्या. प्री-मनी (नवे पैसे येण्याआधीचं कंपनीचं मूल्य) साडेआठ कोटी आणि गुंतवणूक दीड कोटी असेल, तर एकूण मूल्य दहा कोटी आणि गुंतवणूकदाराचा हिस्सा दीड भागिले दहा, म्हणजे १५ टक्के. घाईत लोक साडेआठने भागतात.

७. मांडणी आणि पाठवणं. लेखक आणि गुंतवणूकदार गाय कावासाकी यांचा जुना नियम आहे: १० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटची अक्षरं. पहिले दोन आकडे थोडे हलले तरी चालतील, तिसरा पाळाच. मोठ्या अक्षरांत फापटपसारा मावत नाही. ईमेलने पाठवायची प्रत वेगळी करा. तिथे बोलायला तुम्ही नसता, म्हणून प्रत्येक स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्यात लिहा. पाठवताना पीडीएफच पाठवा आणि गोपनीयतेच्या करारावर सही मागू नका. बहुतेक फंड पहिल्या भेटीआधी ती करत नाहीत. ज्याचं सूत्र बाहेर जायला नको, ते डेकमध्ये टाकूच नका.