जुनी एकनळी नीट करायला घेताय? आधी या चुका टाळा

आमच्या घरच्या एकनळी बंदुकीवर, माशीपासून (नळीच्या तोंडावरचा नेम धरायचा दाणा) वीतभर मागे, रुपयाएवढा एक काळपट डाग आहे. तो झेंडूचा. खंडेनवमीला आजोबा कोयता, पहार, नांगराचा फाळ आणि बंदूक पाटावर मांडून पुजायचे. हळदकुंकू, पाणी, फुलं. एका वर्षी दसऱ्याला घर पाहुण्यांनी भरलं आणि बंदूक तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी फूल उचललं तर खाली पाकळ्यांचा ठसा गंजात उमटलेला.

पुढे कितीतरी वर्षांनी तो डाग काढायला मी पॉलिशपेपर घेऊन बसलो. डाग काही गेला नाही. हात मात्र पेपर घासत मागे मागे सरकत गेला आणि नळीच्या बुडाशी असलेला चाचणीगृहाचा अंडाकृती छाप अर्धा पुसून बसला. गंजाने ऐंशी वर्षांत जे केलं नव्हतं ते मी एका दुपारी केलं. गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या घरांतल्या ज्या जुन्या बंदुका मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींचा घात पावसापेक्षा हौशी हातांनीच जास्त केला आहे.

‘रिकामीच असणार’ हे गृहीत धरणं

माळ्यावरची किंवा देवघराच्या भिंतीवरची ठासणीची (तोंडातून दारू भरायची) बंदूक भरलेली असू शकते. रानडुकरासाठी रात्री ठासली, डुक्कर आलं नाही, बंदूक खुंटीला गेली, माणूसही गेला. काळी दारू, म्हणजे जुन्या बंदुकांची स्फोटक पूड, कोरडी राहिली तर पिढी उलटली तरी पेटते.

तपासायची जुनी रीत सोपी आहे. आधी बत्तीच्या, म्हणजे दारूला आग पोचवणाऱ्या भोकाच्या, टोपणावर केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) नाही ना ते पाहा आणि असेल तर तिथेच थांबा. नसेल तर तोंड कुणाकडेही न ठेवता, आणि स्वतःचा चेहरा व हात तोंडासमोर न आणता, लाकडी काठी हलकेच नळीत टेकेपर्यंत सोडा. तोंडाशी खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरा. टोक बत्तीच्या भोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचं घर असेल किंवा दारू आणि छर्रे असतील. दोन्ही वेळा गज आपटायचा नाही, तापवायचं नाही, खरवडायचं नाही. पोलीस ठाण्याला किंवा परवानाधारक बंदूकवाल्याला कळवायचं.

मागून मोडणारी, म्हणजे बिजागरीवर उघडणारी, एकनळी असेल तर ती उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीने चाचपायचं. फुगलेलं जुनं कागदी काडतूस आत अडकलेलं मी स्वतः पाहिलं आहे. ते गजाने पुढून ठोकून काढायला निघालेले गृहस्थ माझे काका होते.

कागद नंतर पाहू म्हणणं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

परवानाधारक वारला की बंदूक ‘घरचीच’ राहत नाही. ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा असतो. आजोबांचं परवान्याचं पुस्तक कपाटात आहे म्हणून नातू कायदेशीर होत नाही. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, आणि वारशाने आलेलीही त्या दोनांतच मोजली जाते. त्यामुळे चालत्या बंदुकांचा संग्रह ही आपल्याकडे दोन नगांची गोष्ट आहे. माझ्या मते ते बरंच आहे. दोन असल्या की माणूस निवडून घेतो.

मग भिंतीवरच्या शोभेच्या बंदुकांचं काय? शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. पण एका अटीवर: ते दुरुस्त करून वा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. ‘दुरुस्त करून’ हे शब्द दोनदा वाचा. म्हणजे मोडकी बंदूक सुटीत बसते असं समजून तुम्ही हौसेने नवा घोडा बसवला, नवी बत्ती लावली, तर शोभेची वस्तू राहत नाही, विनापरवाना हत्यार होतं. आणि एवढ्या सहज दुरुस्त होणारी असेल तर ती मुळात सुटीत होती का, हाही प्रश्नच. त्यामुळे हात लावण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाचं लेखी उत्तर हातात असलेलं बरं. साफसफाई, तेलपाणी घरी करा. चाप, घोडा, पिन (काडतुसाच्या टोपीवर आदळणारा खिळा), कुलूप (घोड्याची यंत्रणा) यांची दुरुस्ती ज्याच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे त्याच्याकडेच. गावचा लोहार कितीही कसबी असला तरी नाही.

तोंडाशी गंजून कागदासारखी पातळ झालेली नळी दोन इंच कापून टाकायची कल्पना तर डोक्यातूनच काढा. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा त्याच कायद्याच्या कलम 6 खाली गुन्हा आहे, आणि तोंडाजवळचा चोक, म्हणजे नळीचा आवळलेला भाग, गेल्यावर छर्रे पसरतात ते वेगळंच.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर या अभयारण्यांच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना वन्यजीव कायद्याखालीही बंदुकीची नोंद करावी लागते. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) राखणीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे आमच्याकडे अजूनही काहींना नव्याने सांगावं लागतं.

छाप न वाचता गोष्टीवर विश्वास ठेवणं

‘ही राण्यांच्या बंडातली’ असं सांगून भिंतीवरून काढलेली एकनळी मला एकदा दाखवण्यात आली. पोर्तुगीजांविरुद्ध उठलेल्या दीपाजी राण्यांनी सत्तरीतला नाणूसचा किल्ला घेतला तो 1852 साली. बंदुकीच्या बुडाशी अंडाकृतीत ई, एल, जी ही अक्षरं आणि वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएजच्या, नळी दाब सोसते का ते तपासणाऱ्या, चाचणीगृहाचा छाप, आणि त्यावर मुकुट आला 1893 पासून. म्हणजे सांगणाऱ्याचे पणजोबा खरे असतील, बंदूक त्या बंडाची नव्हे. इंग्लिश नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं असेल तर ती साधारण 1875 ते 1887 या काळातली.

म्हणूनच छापांवर पॉलिशपेपर नको, वायरब्रश नको, बफिंगचं चाक तर नकोच. बोर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप), चेंबरची लांबी, कोणत्या दारूसाठी चाचणी झाली, सगळं त्या दोन इंचांत लिहिलेलं असतं. आधी तेलाचा हात फिरवून, आडव्या उजेडात फोटो काढून ठेवा. नळीचा, कुलपाचा, पुढच्या दस्त्याचा नंबर एकच आहे का ते पाहा. न जुळणारे नंबर म्हणजे तीन बंदुकांची एक बंदूक.

काडतूस आत गेलं म्हणजे चालतं असं समजणं

जुन्या बारा बोर नळ्यांचं चेंबर बऱ्याचदा 65 मिलिमीटरचं असतं. हल्लीचं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात विनातक्रार बसतं, कारण भरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. 70 ही लांबी उडाल्यानंतरची. तोंड उलगडायला पुढे जागा नसली की ते निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. नागमोडी रेषांची दमास्कस नळी, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली, बहुधा काळ्या दारूच्या काळातली असते. ती मी उडवत नाही, उडवायचा सल्लाही देत नाही.

वीस बोरचं, म्हणजे अंगाने बारीक, काडतूस बारा बोरच्या खिशात मिसळणं ही दुसरी जुनी दुर्घटना. ते घसरून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून बाराचं जातं आणि नळी फुटते. डाव्या हाताची बोटं तिथेच असतात.

खोबरेल, आणि ‘तेलाने सगळं निघतं’

गोव्यात बंदुकीला खोबरेल लावायची पद्धत आहे. घरात असतं, चकाकी येते. पण खोबरेल जुनं झालं की खवट होतं, त्यात आम्ल तयार होतं आणि पितळेवर हिरवं चढतं. शिवाय ते 24 अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या पहाटे वाळपईकडे घोडा अर्ध्यावर आळसावतो तो याच पांढऱ्या लोण्यामुळे.

दुसरी गफलत म्हणजे उडवल्यानंतर नुसतं तेल ओतणं. काळ्या दारूची राख आणि जुन्या टोप्यांचा क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. वर तेल, खाली मीठ, आणि बाहेर जुलै. नळी सुटी करून आधी कढत पाणी, मग कोरडं फडकं तीनदा, मग खनिज तेलाचा पातळ हात. आपल्या पावसात हवा महिनोन्महिने 80 टक्क्यांच्या वर दमट असते आणि लोखंड 60 च्या पुढेच कुरकुरायला लागतं.

वरवरचा तांबूस गंज तेलात भिजवलेल्या अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टीलवूलने, दाब न देता निघतो. तपकिरी, बसलेला, गुळगुळीत थर मात्र राहू द्या. तो या बंदुकीचा रंग आहे. नळीला घट्ट कॉस्टिक क्षारात उकळून काळं करून घेऊ नका. दमास्कसची नक्षी मरते आणि कथलाने जोडलेले भाग सुटतात.

नळी मोडत नाही? हलते?

कळ दाबूनही बंदूक मोडत नसेल तर गुडघ्यावर आपटू नका. बहुतेक वेळा बिजागरीत सुकलेलं तेल असतं. रॉकेलचे चार थेंब, दोन दिवस धीर. तरीही नाही तर पिन पुढे अडकून बसलेली असू शकते. अशी पिन धोक्याची, कारण बंदूक मिटताना तीच टोपीवर आदळते. इथून पुढे कारागीर.

सैलपणा पाहायचा तर पुढचा दस्ता काढा, मिटलेली बंदूक उजेडाकडे धरा आणि नळी हलवा. नळी आणि मागची भिंत यांत उजेडाची रेघ दिसली तर ती उडवायची नाही. मध्ये पत्र्याची पट्टी सारून किंवा नळीखालच्या, बिजागरीला अडकणाऱ्या आकड्यावर हातोडी मारून घट्ट करणारे लोक आहेत. दोन महिने घट्ट राहते.

स्क्रूंच्या खाचा बारीक असतात. बाजारचा पेचकस त्यात बसत नाही, घसरतो आणि कुलपावर ओरखडा सोडतो. एक पेचकस कानसीने त्या खाचेपुरता घासून ठेवा. रिकामी बंदूक ‘खट्’ करून दाखवू नका, जुनी पिन त्यानेच तुटते.

लाकूड

दस्ता तेलाने काळा झालेला असेल तर घासू नका. खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून थापा, सुकली की झटका, पुन्हा थापा. पाच-सहा वेळा. खड्ड्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की दबलेले रेषे फुगून वर येतात. शेवटी जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात, दोन हातांत दिवसभराचं अंतर. टचवूड (चकचकीत लाकडी पॉलिश) चोपडलेला दस्ता लांबूनच ओळखू येतो आणि फर्निचरच्या दुकानाची आठवण करून देतो.

कव्हरात ठेवणं

चामड्याची किंवा रेक्झिनची पिशवी नेण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे. ती ओल धरून ठेवते. हे मी निवडणुकीत शिकलो. आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करायची होती, मी छान कव्हरात घालून दिली आणि परत आणली तेव्हा शिवणीच्या रेषेत गंजाची सरळ ओळ होती. चूक माझीच. आता जमा करताना नळीवर तेलाचा जाडसर हात, वर सुती कापड, कव्हर नाही. आणि परत घेताना पावतीवरचा नंबर बंदुकीच्या नंबराशी तिथेच, खिडकीसमोर उभं राहून जुळवतो. मागे रांग कुरकुरते, कुरकुरू दे.